ताईची उलटी गिटार

खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनने ताईच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी खाल्ली, तेव्हा दवाखान्यात येऊन आई पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आता बाळाला गिटार कोण शिकवणार?"

बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आज त्याला टक्कल पडलंय, तरी आईचा तो बाळच. घरात आलेलं बरं ते बाळाचं, उरलंसुरलं ताईचं. त्या घरात आधी ताई वाजवायची, भाऊ तिच्याकडूनच शिकला, हे आता कोणाला आठवतही नाही. बोटं गेली आणि तिची गिटार भावाच्या गळ्यात जाऊन पडली. पुढे त्याने कारखान्याचा बँड काढला, टाळ्या मिळवल्या. तारा मात्र अजून ताईच बदलून द्यायची. बाळसाहेबांना तेवढंही येत नव्हतं.

पण ताई रडत बसणारी नव्हे. डाव्या हाताने तार दाबता येत नाही ना? मग उजव्याने दाबू, डाव्याने छेडू. म्हणजे गिटार उलटी धरायची आणि तारांचा क्रमही उलटा करायचा. डावखुऱ्यांसाठीची तयार गिटार परवडेना, म्हणून तिने दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली, शिकाऊंसाठीची सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक गिटार उचलली. दुकानदार म्हणाला, "हिच्यापेक्षा स्टूल घ्या बाई, बसायला तरी होईल."

माणूस खोटं बोलत नव्हता. मान पुढे वाकलेली, तारा इतक्या उंच की खालून पेन्सिल जावी, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटं सोलून काढणारी, आणि स्पीकरला जोडली की नुसती गुणगुण. ताईने तिचं एकेक दुखणं काढलं. नखांच्या कानशीने टोकं घासून बोथट केली. पोटात तांब्याची चिकटपट्टी लावली, तेव्हा गुणगुण थांबली. मानेच्या टोकाला, तारा ज्या खाचांमधून जातात, ती प्लॅस्टिकची पट्टी भंगार होती. ती काढून तिने वडिलांच्या जुन्या वस्तऱ्याच्या हाडाच्या मुठीतून नवी घडवली, जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला अरुंद. उलट्या गिटारीवर आवाजाचं बटण वरच्या अंगाला येतं, कोपर लागून आवाज बंद व्हायचा, म्हणून ते उपटून सुयांच्या डबीत टाकलं. पगार झाला की एखादी वस्तू यायची. खुंट्या आल्या, मग कुणाच्या तरी मोडक्या गिटारीतला, तारांचा आवाज पकडणारा चांगला पिकअप आला.

सगळ्यात अवघड काम मानेचं. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने आवळली की वाकलेली मान सरळ होते. दुकानदाराने किल्ली देताना बजावलं होतं, "पाव फेरा. मग दिवसभर हात लावायचा नाही. हावरटासारखी आवळत गेलात तर सळई आतल्या आत तुटते. मग ती गिटार नाही, सरपण." ताईने तसंच केलं, आणि मान एके दिवशी सुतासारखी सरळ आली.

"तुटक्या हाताने काय दिवे लावणार आहेस?" आई रोज विचारायची. ताई गिटार उचलायची. दार लावून एकच गाणं वाजवत राहायची, बिनशब्दांचं, स्वतः बांधलेलं. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात ते वाजवायचं, एवढंच तिला हवं होतं. मशीनवरचं तिचं रक्त पुसणाऱ्या बायका समोर बसतील आणि ती वाजवेल. भावाने कबूलही केलं होतं, "शेवटचं गाणं तुझं, ताई. शब्द दिला."

आणि कार्यक्रमाच्या दिवशी टेम्पोतून उतरवताना बाळसाहेबांची गिटार हातातून निसटली. मान मोडली, दोन तुकडे.

"ताई, तुझी दे."

"ती उलटी आहे."

"मग सुलटी कर. तुला येतं की. नाहीतर कार्यक्रमच बुडेल!"

"आणि माझं गाणं?"

"बघू ना शेवटी."

आई खुर्चीवरून म्हणाली, "दे गं. त्याची अब्रू जायची वेळ आलीय आणि तुला हौस सुचतेय?"

रंगमंचामागच्या खोलीत ताईने तारा काढल्या. हाडाची पट्टी तशीच ठेवली असती तर बारीक तारा रुंद खाचांत खडखडल्या असत्या आणि भावाची सगळ्यांसमोर शोभा झाली असती. हे तिच्या मनात आलं, चांगलं आलं. पण आपल्याच हाताने केलेलं काम बिघडवायला तिचा हात धजेना. तिने पट्टी अलगद सुटी करून फिरवून बसवली, तारा चढवल्या, सूर लावला, डबीतलं बटणही परत बसवलं. मूर्ख बाई!

गिटार अशी वाजली की लोक माना डोलावू लागले. भाऊ माइकवर म्हणाला, "ही आमच्या ताईने तयार केलीय बरं का. वाजवायला मात्र दहा बोटं लागतात!" सभागृह हसलं. मशीनवरच्या बायकाही हसल्या.

ताई पडद्याआड उभी होती. शेवटचं गाणं म्हणून भावाने जे सुरू केलं, ते तिचंच होतं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून उचललेलं. तिच्यापेक्षा सफाईदार वाजवलं मेल्याने. टाळ्या थांबेनात.

"सोन्यासारखं वाजवलं माझ्या बाळाने," आई डोळे पुसत म्हणाली.

भावाने गिटार थेट पेटीत भरली. "ताई, ही माझ्याकडेच राहू दे. तू काय, दुसरी करशील. हातखंडा आहे तुझा."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! ताईला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला, पण तिचा आवाज अगदी मऊ निघाला. तिने पर्समधून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही कशाची?"

"मानेची. आवाज बसल्यासारखा वाटला की आवळायची."

"किती?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला आईसारखी हाक मारली. "आवळत राहा, बाळा. मन भरेपर्यंत आवळ."