आकाशातली आपली माणसं

लेकीकडे लिथुआनियाला गेले होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना डोक्यावरून लढाऊ विमानं गडगडत गेली. मी दचकून खालीच बसले. शेजारच्या आल्डोनाबाई मात्र कुंपणापाशी शांतपणे वर बघत उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या या बाई पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे आमच्या गप्पा व्हायच्या.

"घाबरू नका, आपलीच आहेत," त्या म्हणाल्या.

"तुमच्या देशाची?"

"छे! आमच्याकडे कुठली लढाऊ विमानं? मित्रदेश आळीपाळीने पाठवतात. सध्या कुणाची पाळी आहे, मलाही ठाऊक नाही."

ज्यांचा देशही माहीत नाही, त्यांना त्या 'आपली' म्हणत होत्या. मला नवल वाटलं. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आईला देश बळकावलेल्या परक्या सैनिकांनी घरातून उचलून सैबेरियात नेलं होतं. यांचा जन्मही तिथलाच. तेव्हा मदतीला कुणीच आलं नव्हतं.

"आता माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी बंदूक चालवायच्या सरावाला जातो. पण तो एकटा नाही, वर ही विमानंही आहेत."

मी मोठ्या देशातली. मदत मागणं म्हणजे कमीपणा, असंच समजत आले. स्वतः कंबर कसून उभं राहायचं आणि तरीही दुसऱ्याला 'ये' म्हणायचं, यालाही धीर लागतो, हे मला त्या कुंपणापाशी उमगलं.

विमानांचा आवाज विरला. आल्डोनाबाई हसल्या.

"दारावर थाप पडली की आई शेवटपर्यंत थरथरायची. मी नातीला सांगते, जा गं, बघ कोण आलंय."