सरळ समोरून

बाबांचं कपडे शिवायचं दुकान होतं. लहानपणी माझी थोरली बहीण तिथे बसून बटणं लावायची आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं रे उतरलं की त्याची नक्कल करायची. माप देताना पोट आत ओढून, श्वास कोंडून उभे राहणारे गृहस्थ, दर खेपेला बाहीवरून रुसणाऱ्या बाई, सगळे ती हुबेहूब उभे करायची. बाबा तिला नकलाबाई म्हणायचे. रागवायचे, पण आधी पोट धरून हसून घ्यायचे.

एका नाटक मंडळीचे कपडे बाबांकडे शिवायला येत. एकदा ताई ते पोचवायला गेली, तर नाटकात मोलकरणीचं काम करणारी मुलगी तापानं फणफणलेली. पोलकं ताईच्या अंगाला बसलं, तसं तिलाच रंगमंचावर ढकललं. भूमिका एवढीशी, पण ताईनं तिच्यातही लोकांना हसवलं. मंडळींनी तिला पुन्हा बोलावलं आणि मग ती कायमचीच त्यांची झाली.

नाटकातून ती सिनेमात गेली. तिथे ती नायिकेची मैत्रीण झाली, नर्स झाली, नायकाची वहिनी झाली. नायिका काही झाली नाही. पण वाक्यं पाठ करून येणार, वेळेवर येणार, चहा थंड मिळाला म्हणून नाक मुरडणार नाही, त्यामुळे काम सुटलं नाही. तिथेच एका लाइटमनशी तिनं लग्न केलं. आमचे भावजी म्हणजे तोंडातून शब्द काढायचा तर आधी अर्ज करावा लागेल असा माणूस.

मग टीव्हीवरची मालिका आली. तिच्यात ताई कपटी थोरली जाऊ होती, आणि त्या जावेनं तिला घराघरांत पोचवलं. भाजीबाजारात भेंडी विकणाऱ्या एका आजींनी तिला धाकटीचे दागिने लपवल्याबद्दल भर गर्दीत फैलावर घेतलं. ताईनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि दागिने परत करीन असा शब्द दिला. दोन भेंड्या जास्तीच्या मिळाल्या.

एके सकाळी मेकअपच्या खोलीत ती पाणी प्यायला लागली आणि ते ओठांच्या डाव्या कडेनं गळ्यावर ओघळलं. आधी लक्षात आलं ते मेकअप करणाऱ्या बाईंच्या. चेहऱ्याची डावी बाजू जागच्या जागी गोठली होती. डॉक्टर म्हणाले, शीर सुजली आहे, बहुतेकांचं पूर्ण बरं होतं. ताईचं अर्धंमुर्धं झालं. डावा डोळा नीट मिटेना, उजेडात आपोआप पाझरायचा, आणि हसू उजवीकडे ओढलं जायचं.

मालिकेतल्या जावेला परगावी पाठवण्यात आलं. परत आली ती दुसऱ्याच नटीचा चेहरा घेऊन. आम्ही ते ताईबरोबर बसून पाहिलं. ताई म्हणाली की बाई बरी करते, फक्त हात फार हलवते.

बाबा गेल्यापासून दुकान मी चालवत होते. ताई रोज यायची आणि कपडे घालून बघायच्या आरशासमोर उभी राहायची. ओठ नीट मिळाल्याशिवाय प, ब, म फुटत नाहीत. ती बोटांनी ओठ दाबून धरायची आणि म्हणत राहायची, मामा, पंप, बाबा. सगळ्यांत जास्त 'बाबा'वर अडायची. अशा वेळी मी मशीन जोरात चालवायची, म्हणजे तिला माझं नाक ओढलेलं ऐकू जायचं नाही. वर्ष उलटलं तेव्हा शब्द स्वच्छ झाले. चेहरा तसाच राहिला.

मालिकेत पूर्वी सहायक असलेली एक मुलगी आता स्वतः सिनेमा करत होती. ती दुकानात आली. तिच्या सिनेमात हरवलेल्या मुलाची आई होती. एकच प्रसंग, पोलीस चौकीतला. तिनं फार जपून सांगितलं, "ताई, आपण उजव्या बाजूनंच घेऊ. कुणाला कळणारही नाही."

"मग अर्धीच बोलव," ताई म्हणाली. "उरलेली अर्धी इथे काजं करील."

ती मुलगी कानकोंडी झाली. ताईनं तिला बसवलं, पाणी दिलं. "अगं, त्या बाईचा पोरगा हरवलाय. ती चेहरा सावरून येईल का चौकीत? सरळ समोरून घे. ते जमणार नसेल तर दुसरी बघ, मला राग नाही."

त्या प्रसंगातला मुलाचा शर्ट मी शिवला होता, म्हणून चित्रीकरणाला गेले. भावजी दिव्यांवर होते. चौकीच्या टेबलावर शर्ट ठेवला. ताईनं तो उचलला, उलटा केला, बाहीची शिवण अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, "आखूड झाली होती. वाढवायची होती." एवढंच वाक्य. चेहऱ्याची उजवी बाजू तिनं घट्ट आवरून धरली होती, आणि डावा डोळा वाहत होता. तिनं पुसला नाही. दिग्दर्शिका 'कट' म्हणायला विसरली. शेवटी भावजीच खाली उतरून आले. लग्नापासून त्यांनी ताईच्या कामाबद्दल चांगला शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "असं कुणालाच जमलं नसतं." आणि पुन्हा शिडीवर चढले.

एका प्रसंगासाठी ताईला त्या वर्षीचं अभिनयाचं बक्षीस मिळालं. पुढचा सिनेमा त्या मुलीनं ताईलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. नदीवर प्रवासी बोट चालवणाऱ्या विधवेचा. पन्नाशी ओलांडलेली माझी बहीण हाताला फोड येईस्तोवर सुकाणू धरायला शिकली.

पहिल्या खेळाला मी एकटीच गेले, दुकान बंद ठेवून. पडद्यावर सगळ्यांत आधी तिचं नाव आलं, आणि मागोमाग तिचा चेहरा, पडदाभर, समोरून. शेजारच्या अनोळखी बाईंना मी कोपरानं ढोसलं आणि सांगितलं, "सख्खी बहीण आहे माझी."

"बरं," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पण आता बघू द्या ना."