तीन वाजताचा हात

मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये माझी जागा हॉलमधल्या दिवाणावर होती. दिवाणाच्या पोटात रजया, वर मी. डोक्याशी बाल्कनीचं दार, पायाशी टीव्ही, आणि समोरच्या भिंतीवर पुण्याहून दर वर्षी येणारं मराठी कॅलेंडर. घर काका-काकूंचं. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. काकूंचं माहेर आमच्या गावचं, एवढाच धागा. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सुटलं आणि दोघं यमुनेपलीकडे, सोसायटीत कित्येक वर्षांनी हाती आलेल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तेव्हा नोएडात रोज एखादी नवी कंपनी उघडत होती, आणि महाराष्ट्रातून आलेली इंजिनिअर मुलं राजमा-चावल खाऊन कंटाळली होती. काकूंनी त्यांच्यासाठी डबे सुरू केले. हाताखाली कुणी हवं म्हणून मला गावाहून बोलावून घेतलं.

मी वीस वर्षांची होते. तेराव्या वर्षी मला मधुमेह निघाला. तो इंजेक्शनचा, गोळ्यांवर न भागणारा. नववीत वर्गात दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा हेडमास्तरांनी दादाला बोलावून सांगितलं, आम्हाला ही जबाबदारी झेपणार नाही. शाळा तिथेच संपली. कुणी वाईट वागलं असं नाही. सगळे घाबरले होते, आणि सगळ्यांत जास्त मी.

साखर खाली आली की दिवसा कळतं. हात थरथरतात, ओठांना मुंग्या येतात, मग काहीतरी गोड खायचं की झालं. झोपेत मात्र कळत नाही. म्हणून आई माझ्या शेजारी झोपायची आणि रात्री कधीतरी माझ्या मानेमागे हात घालून बघायची. मान कोरडी लागली की कूस बदलायची. घामाने ओली लागली की गुळाचा खडा तोंडात. सात वर्षं त्या हाताच्या भरवशावर मी गाढ झोपले. दिल्लीला निघताना आईने दशम्या दिल्या, अंगारा दिला, इंजेक्शनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. हात काही बरोबर देता येत नव्हता.

हिला शुगर आहे, इतकं काका-काकूंना ठाऊक होतं. फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी माझ्या बाटलीला जागा होती आणि तिथे दुसरं काही ठेवायचं नाही असा काकूंचा हुकूम होता. गावाकडे फ्रिज नव्हता. बाटली माठाशेजारी वाळूत पुरून ठेवावी लागे आणि नवी आणायला दादा अर्धा दिवस एसटीने जाई. इथे फ्रिजचं दार उघडलं की पिवळ्या दिव्यात ती थंड उभी दिसे. नुसतं बघूनही मला बरं वाटायचं. रात्रीचं मात्र मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. झोपेत बेशुद्ध पडू शकणारी मुलगी घरात कोण ठेवून घेईल?

त्या घरात संकष्टी असायची. दोघांचा उपास, मला अर्थातच नाही. पण संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं एकदमच, चंद्रोदयानंतर. मी आधी जेवले असते तर काकू काही बोलल्या नसत्या. मलाच ते जड वाटायचं. ज्यांचं मीठ खातोय ती माणसं दिवसभर उपाशी, आणि आपण ताट वाढून घ्यायचं? मी आपली कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ बघायची, त्याआधी अर्धा तास इंजेक्शन घ्यायचं, आणि चंद्र दिसला की सगळ्यांबरोबर बसायचं. भाद्रपदापासून तीन-चार संकष्ट्या अशा नीट पार पडल्या. आकाश स्वच्छ होतं. काका गच्चीवरून "आला, आला!" म्हणत यायचे, ते बहुधा कॅलेंडरातल्या वेळेच्या आधीच.

"त्यात आहे तो मुंबईचा चंद्र," काका अभिमानाने सांगायचे, जणू हे त्यांनीच मंजूर करून घेतलंय. "दिल्लीत तो आधी उगवतो."

"उगवू दे कधीही," काकू म्हणायच्या. "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय उपास सोडणार नाही."

मग पौष आला आणि यमुनेच्या बाजूने धुकं आलं. त्या संकष्टीला कॅलेंडरात नऊ वाजून सहा मिनिटं लिहिलं होतं. साडेआठला मी इंजेक्शन घेतलं. मोदक मोदकपात्रातून निघाले होते, केळीच्या पानावर नैवेद्य मांडून झाला होता. सव्वानऊला काका माकडटोपी घालून गच्चीवर गेले आणि हात चोळत परत आले.

"समोरचा ब्लॉकच दिसत नाही, चंद्र कुठला!"

"थांबू या थोडं," काकू म्हणाल्या.

साडेनऊ झाले, पावणेदहा. काका दोनदा वर जाऊन आले. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. समोर परातीत उरलेलं सारण होतं, गूळ आणि खोबरं, वेलची घातलेलं. ओठांना मुंग्या आल्या होत्या. एक चिमूट तोंडात टाकली असती तर काम झालं असतं. पण नैवेद्य दाखवायच्या आधी त्या घरात मिठाचीसुद्धा चव बघत नसत, आणि देवाच्या आधी मी उष्टं करायचं हे माझ्या डोक्यात बसेना. साखरेचा डबा फडताळात होता, तोही आठवेना. साखर उतरली की डोकंसुद्धा उतरतं. हवं ते सोडून भलतंच आठवत राहतं. मला फक्त एवढंच आठवत होतं, की उष्टं करायचं नाही.

पुढचं मला काकूंकडून कळलं. परात पडल्याचा आवाज आला म्हणून त्या धावत आल्या. मी खाली बसले होते, घामाने चिंब, आणि काहीतरी असंबद्ध बोलत होते. त्यांनी केळीच्या पानावरचा मोदक उचलला, गणपतीसाठी मांडलेला, फोडला आणि आतलं सारण माझ्या तोंडात कोंबलं.

मला पहिलं वाक्य ऐकू आलं ते, "गीळ. गीळ आधी."

"नैवेद्य..." मी म्हणाले असेन.

"गणपती बघतोय सगळं, तो समजून घेईल. तू गीळ, मुली!"

काका मागे हातात टॉर्च घेऊन उभे होते. टॉर्च कशाला आणला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. चंद्र त्या रात्री दिसलाच नाही. साडेदहाला काकूंनी आकाशाकडे हात जोडून अर्घ्य दिलं आणि आम्ही जेवलो. मग दिवा मालवल्यावर त्यांच्या खोलीतून काकांचा आवाज आला. "तिच्या दादाला पत्र टाकायला हवं." काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

झोपायला भीती वाटायची, आणि पत्राचीही. दादाचं उत्तर आलं की मला परत पाठवणार, हे मी धरूनच चालले होते. तोवर या घरात पुन्हा काही होता कामा नये. दिवाणावर उशी उभी करून बसायचे आणि स्वतःच्या मानेला हात लावून बघायचे. पण आपल्या हाताला आपली मान कळत नाही. दोन्ही सारखीच गार, सारखीच ओलसर. मग खात्री म्हणून निजण्याआधी चोरून दोन चमचे साखर खायला लागले. तास-दोन तास डोळा लागायचा की घसा कोरडा पडायचा. तांब्याभर पाणी प्यायचं, बाथरूमला जायचं, परत पाणी, परत बाथरूम. मध्ये स्वयंपाकघरात दिवा लावून उगाच उभी राहायचे. खाली चौकीदार काठी आपटत फेरी मारायचा. दर तासाला त्याची शिट्टी. मी शिट्ट्या मोजायचे. पाचला कणीक भिजवायची असायची, म्हणजे चारच्या शिट्टीनंतर झोपणं तसंही फुकटच.

दिवसा मी उभ्या उभ्या पेंगायचे. पोळ्या करपायच्या. एका दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं. रिकाम्या डब्यात चिठ्ठी आली: "काकू, आजची भाजी थेट अरबी समुद्रातून आली का?" काकूंनी ती मोठ्याने वाचली आणि हसल्या. मी हसले नाही तेव्हा माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी चौकीदारानेच सांगितलं. दूध आणायला काकू खाली गेल्या होत्या. "मॅडम, आपकी रसोई की बत्ती रोज़ तीन बजे जलती है। सब ठीक तो है?"

काकू वर आल्या, दुधाच्या पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि गॅस बंद केला.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला चकवू नकोस हां. किती दिवस झोपली नाहीस?"

मी सांगितलं. एकदा तोंड उघडलं तसं सगळंच सांगितलं, चोरून खाल्लेल्या साखरेचंसुद्धा. आणि शेवटी म्हणाले, "परत पाठवणार असाल तर मार्चपर्यंत थांबा. तोवर कुणी दुसरी मिळेल तुम्हाला डब्यांना."

"परत? कोणी सांगितलं?"

"काकांनी दादाला पत्र लिहिलंय ना."

काकूंनी काकांना हाक मारली. काका वर्तमानपत्र घेऊनच आले. "अहो, हिला ते दाखवा."

काकांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि कपाटातून एक निळं आंतरदेशीय पत्र. दादाचं अक्षर. दहा दिवसांपूर्वीच आलं होतं. काकांनी त्याला एकच गोष्ट विचारली होती, की घरी रात्री काय करायचे. दादाने उत्तरात लिहिलं होतं: आई झोपेत हिच्या मानेला हात लावून बघते, ओली लागली तर गूळ देते. बाकी काही करत नाही.

"मला दाखवलं का नाही?" मी विचारलं.

काका गडबडले. "अगं, मला वाटलं हिने सांगितलं असेल."

"मला वाटलं यांनी," काकू म्हणाल्या. "सरकारी कामकाज. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर."

मग काकू मला बसने सरकारी इस्पितळात घेऊन गेल्या. लांब रांग होती. डॉक्टरीण बाईंनी लघवीची पट्टी बघितली, माझं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"रोज़ सोते समय चीनी? बेटा, इसीलिए तो रात भर भागती हो। प्यास भी उसी से, नींद भी उसी ने उड़ाई।"

रात्रीचं इंजेक्शन त्यांनी थोडं कमी केलं. साखरेऐवजी निजताना दूध आणि अर्धी पोळी. जेवणाची वेळ रोज एकच. आणि ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. "चाँद निकले या ना निकले," काकूंनी सगळा किस्सा सांगितल्यावर त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर काकांनी शिसपेन्सिल घेतली आणि कॅलेंडरची पानं उलटत वर्षभराच्या प्रत्येक संकष्टीच्या चौकोनात, चंद्रोदयाच्या वेळेखाली, बारीक अक्षरात लिहिलं: "हिचं जेवण आठ वाजता." काकूंनी देवापुढे हात जोडून त्याला तसं कळवलं. पुढच्या संकष्टीला आठ वाजता त्यांनी स्वतः माझं ताट वाढलं. मी नुसता भात कालवत बसले. त्या समोर बसून राहिल्या, दिवसभराच्या उपाशी, आणि म्हणाल्या, "जेव लवकर, मला बघून भूक लागतेय."

राहिली ती रात्र.

"मी तीनला उठतेच," काकू म्हणाल्या. "वयाची देणगी. आमच्या खोलीतल्याच बाथरूमला जाते; आता येता येता हॉलमध्ये येऊन तुला बघून जाईन."

पहिल्या रात्री मी जागीच होते. चपलांचा आवाज आला तशी डोळे घट्ट मिटून पडून राहिले. त्यांचा हात पाण्यातून आलेला, बर्फासारखा. मानेवर टेकला, क्षणभर थांबला, निघाला.

"झोपलेली माणसं श्वास रोखून धरत नाहीत," अंधारातून आवाज आला, आणि चपला निघून गेल्या.

दुसऱ्या रात्री त्या हात आधी पदराला पुसून आल्या. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. मी वाट बघत पडायचे, हात येऊन गेला की डोळा लागायचा. दोन तास का होईना, गाढ. पोळ्या करपायच्या थांबल्या. चौकीदाराच्या शिट्ट्या मोजताना मध्येच चुकायला लागल्या.

आता माझ्या उशाशी यंत्र असतं; बोट टोचलं की आकडा सांगतं. झोप अजूनही पातळच आहे, पण तो आकडा बघून मी पुन्हा डोळे मिटू शकते. आभार मानायला मी काकूंना कितीतरी पत्रं लिहिली, आणि प्रत्येकात त्या तीन वाजताच्या हाताचंच लिहिलं गेलं, दुसरं काही सुचलंच नाही.

थंडी सरत आली होती तेव्हाची एक सकाळ आठवते. पाच वाजता जाग आली ती एकदम काळजीनेच. हात आल्याचं आठवत नव्हतं. काकू आजारी तर नाहीत? उठून स्वयंपाकघरात गेले, तर त्या चहा करत होत्या.

"काल तुम्ही आला नाहीत," मी म्हणाले. जरा तक्रारीच्या सुरातच म्हणाले असेन.

"आले होते की," काकू म्हणाल्या. "दोनदा आले. दुसऱ्यांदा तर माझा हात झटकून टाकलास आणि कूस बदललीस."

त्यांनी दोन कप काढले. मी परात पुढे ओढली आणि कणीक भिजवायला घेतली.