जान्हवी वर्गात बोलत नव्हती तेव्हा

केजीच्या वर्गात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. डबे उघडून देताना, नाकं पुसताना ते आपोआप साठतात. एरवी मी चारचौघांत फारसं तोंड उघडत नाही, पण संध्याकाळी मित्रांनी विचारलं, "आज काय झालं रे?" की सांगत सुटतो.

मी नववीत शाळा सोडली. आता धुळ्यातल्या एका लहान इंग्लिश मीडियम शाळेत ज्युनिअर केजीचा मदतनीस आहे. पोरांच्या घरी अहिराणी, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्लिश. आमच्या नेहा टीचर पुण्याच्या. पोरगं अहिराणीत रडायला लागलं की त्या माझ्याकडे बघतात. "भाऊ, काय म्हणतोय तो?" मी सांगतो, मग त्या तेच त्याला हळूहळू इंग्लिशमध्ये सांगतात.

*

वर्गात येताना "मे आय कम इन?" विचारायचं, ही आमची पहिली शिकवण. आमच्या वर्गातला वेदांत ती घरीही पाळू लागला. एकदा भर उन्हात स्वतःच्याच दारात उभा. आजी आतून बोलावतेय, "ये ना रे भाऊ, जेवाले ये." हा हलेना. शेवटी शेजाऱ्यांनी मला फोन लावला. मी स्पीकरवरून म्हटलं, "येस, कम इन."

वेदांत आत गेला आणि जेवायला बसला. आजी फोनवर म्हणाली, "ते तीन शब्द माले बी शिकाडी दे."

*

जान्हवी मूळची पिंपळनेरकडची. वडील नरडाण्याला कंपनीत. पोरगी जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. कान तपासले, चांगले निघाले. वडील मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बोलली नही तर दाखला काढसू, भाऊ. गावना शाळामा, मामाकडे धाडी देसू." आईबापांना सोडून राहायचं तिचं वय नव्हतं.

मोठ्या मॅडमांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना सल्ला दिला, "घरी इंग्लिशच बोला."

आठ दिवसांनी ते उतरलेल्या तोंडाने आले. "मॅडम, घरात कोणी बोलतच नाही." इंग्लिश कोणालाच येत नव्हतं. आजोबा तर टाळी वाजवून पाणी मागत होते.

नेहा टीचर म्हणाल्या, "तुमच्याच भाषेत बोला. भरपूर बोला. त्यातूनच इंग्लिश येईल."

वडील हळूच माझ्याकडे वळले. "मंग आते भांडण तरी चाली का? जान्हवीनी मायनं आठ दिवसनं साठेल शे."

*

पुढे एकदा तिचे आजोबा, नाना, तिला न्यायला आले तेव्हा म्हणाले, "तुमनी शाळा सुटस आणि आमना घरमा भरस."

जान्हवी ओट्यावर घरातल्या सगळ्या चपला ओळीत मांडते. प्रत्येकीला "सिट डाऊन" म्हणते. हजेरी घेते आणि "प्रेझेंट, टीचर" हेही चपलांच्या वतीने स्वतःच म्हणते. नानांनी हे सांगितलं तसं नेहा टीचर म्हणाल्या, "भाऊ, ती सगळं ऐकतेय. आत साठवतेय."

"ते ठीक शे," नाना म्हणाले, "पण मी सारा बाजार अनवाणी फिरस. मनी चप्पल पहिल्या बाकवर शे."

वडिलांचं मात्र समाधान झालं नाही. "चपलासना पुढे बोलीसन काय व्हई? मॅडमना पुढे बोलाले पाहिजे."

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. वडील दाखला काढायलाच आले. मोठ्या मॅडम वर्गात आल्या आणि जान्हवीला जवळ घेऊन विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

जान्हवी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प.

वडिलांनी मान खाली घातली. म्हणाले, "द्या मॅडम दाखला." नेहा टीचर म्हणाल्या, "थोडा वेळ द्या तिला." मोठ्या मॅडम म्हणाल्या, "किती वेळ?" मग तिघंही एकाच वेळी बोलू लागले. आवाज चढले. मीही नको ते धाडस करून मध्येच म्हणालो, "मॅडम, राहू द्या ना तिला."

जान्हवी छोट्या खुर्चीवर चढून उभी राहिली.

"एव्हरीबडी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "फिंगर ऑन युअर लिप्स."

मोठ्या मॅडमांनी ओठांवर बोट ठेवलं. नेहा टीचरांनीही ठेवलं. वडिलांना काही कळलं नाही, पण दोघींकडे बघून त्यांनीही ठेवलं.

जान्हवी माझ्याकडे वळली.

"भाऊ, तू बी."