गाळलेला दुसरा अध्याय

"हाताला काय लागलंय तुझ्या?"

आंटींनी सगळ्यांसमोर विचारलं. रविवारची दुपार. सुरतच्या सिटीलाइट भागात, सरांच्या घरी बायबल वाचनाचा वर्ग चालू होता. सर म्हणजे आमच्या चर्चच्या मराठी मंडळीचं सगळं बघणारे, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आंटी त्यांची बायको. सोफ्यावर आणि खुर्च्यांवर त्यांच्यासारखी माणसं. खाली सतरंजीवर आम्ही बमरोली-पांडेसऱ्याच्या कारखाना वस्तीतल्या सहा बाया. बायबल या हातातून त्या हातात फिरत होतं. एकेकानं चार ओळी वाचायच्या. माझी पाळी आली, मी हात पुढे केला, आणि आंटींनी पुस्तक मागे ओढलं.

"रंग आहे आंटी. जात नाही तो."

"मग राहू दे ना. पानं खराब होतील. माझ्या सासऱ्यांचं बायबल आहे हे."

"वाळलेला आहे. कशाला लागत नाही."

त्या हसल्या. "तू ऐक. ऐकणाऱ्यालाही आशीर्वाद असतो."

सोफ्यावरून दोघंतिघं हसले. पुस्तक माझ्या डोक्यावरून पलीकडे गेलं. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीनं माझ्या चार ओळी वाचल्या. घडघड वाचल्या. त्या ओळी मी सहा दिवस घोकल्या होत्या. कारखान्यात, नळावर, भाकरी थापताना. मला त्या न बघता येत होत्या.

वर्ग संपला. आंटी म्हणाल्या, "किचनमध्ये कप पडलेत, तेवढे विसळून जा हं."

मी विसळले.

पांढरे पातळ कप, कडेला सोनेरी रेघ. पुस्तकाला लागणारा रंग कपांना लागत नव्हता. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी कप विसळले, पुसले, पालथे घातले आणि "येते आंटी" म्हणून निघाले. आंटी बोलल्या त्याची मला चीड आहे. पण मी कप विसळले त्याची लाज आहे. चीड कमी होते. लाज होत नाही.

मी धुळे जिल्ह्याची. शिरपूरच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या बाहेर आमची घरं. चौथीपर्यंत शाळा शिकले. लग्न झालं आणि सुरतला आले. पांडेसऱ्यात साड्या छापायच्या कारखान्यात आहे. छपाईच्या जाळ्या धुते. एक रंग संपला की जाळी धुवायची, मग दुसरा रंग. दिवसभर हात पाण्यात आणि रंगात. हिरवा, निळा, जांभळा, सगळे मिळून नखांत काळा होतो. साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. मालक हातमोजे देतो, ते आठ दिवसांत फाटतात.

नवरा लूमवर होता. छातीच्या आजारानं गेला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. त्या दिवसांत आमच्या खोल्यांच्या ओळीतली सुमन मला चर्चला घेऊन गेली. सुमन नंदुरबारकडची, माझ्याच कारखान्यातली, माझ्याहून लहान, मला ताई म्हणते. चर्चमध्ये पहिल्याच दिवशी एका गोऱ्या, इस्त्रीच्या साडीतल्या बाईनं माझा हात धरून "या बहीण" म्हणलं. गावात आमच्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओततात. इथं माझा हात धरला. मी रडले. देव मला त्या हातातून भेटला असं तेव्हा वाटलं, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

चर्चमध्ये दर रविवारी एक छापील कागद मिळायचा. वर लिहिलेलं, 'या आठवड्याचे वाचन'. सोमवार ते शनिवार, रोज काय वाचायचं ते, आणि खाली दोन ओळी समजावून. विश्वासात वाढायचं तर रोज वाचलं पाहिजे, असं सर सांगायचे. मी अक्षरं विसरून गेले होते. जोडाक्षर आलं की अडायचे. त्या कागदानं मला परत वाचायला शिकवलं, हेही खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या ताग्यांमागे बसून मी वाचायचे. बोट ठेवून. पहिल्या वर्षी एक ओळ, दुसऱ्या वर्षी चार, मग अर्धं पान. सुमनला वाचता येत नाही. तिला मी वाचून दाखवायचे आणि आमच्या अहिराणीत सांगायचे.

आम्हाला जे वाचायला यायचं ते असं असायचं. दासांनो, धन्याची आज्ञा पाळा. कुरकुर करू नका. आहे त्यात समाधान माना. सहन करा. मला वाटायचं बायबल म्हणजे हेच. आमचा मुकादम पण हेच सांगतो, फक्त शिव्या घालून.

कप विसळून आल्यानंतर दोन रविवारांनी सर मला म्हणाले, "आज कागद तू वाट." मोठा मान दिल्यासारखं म्हणाले. कपाटात दोन गठ्ठे होते. मी वरचा उचलला तर ते घाईनं म्हणाले, "तो नाही. तो सिटी ग्रुपचा. तुमचा खालचा."

तोवर मला माहीत नव्हतं की दोन असतात.

वरच्या गठ्ठ्यातला एक कागद मी पदराखाली घेतला. चोरलाच म्हणा. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले. सोफ्यावरच्यांच्या कागदावर रोज एक अख्खा अध्याय, खाली प्रश्न. 'तुम्हाला काय वाटते?' 'तुमचे मत लिहा.' संदेष्टे होते, राजांना तोंडावर बोलणारे. गुलामगिरीतून निघालेली माणसं होती. आमच्या कागदावर रोज दोन ओळी. प्रश्न एकही नाही. आमचं मत कुणाला नको होतं.

आणि त्या आठवड्यात दोन्ही कागदांवर एक गोष्ट सारखी होती. याकोबाचं पत्र, बायबलातलंच एक छोटं पुस्तक. सोमवारी पहिला अध्याय. संकटात टिकून राहा. मंगळवारी तिसरा. जीभ आवरा.

मी बोटं मोजली. एक. तीन. दुसरा कुठं गेला?

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझं बायबल काढलं. कागदी पुठ्ठ्याचं, चर्चनंच दिलेलं. ताग्यांमागे बसले. दुसरा अध्याय काढला आणि बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की सभेत एक माणूस येतो, हातात सोन्याची अंगठी, अंगावर भारी कपडे. त्याला तुम्ही म्हणता, या, इथं चांगल्या जागी बसा. आणि मळक्या कपड्यातला गरीब येतो. त्याला म्हणता, तू तिकडं उभा राहा, नाहीतर इथं माझ्या पायाशी बस. असं करता तेव्हा तुम्ही दुष्ट न्यायाधीश झाला की नाही?

मी तीन वेळा वाचलं. ती सतरंजी मला दिसली. तो सोफा दिसला. कुणीतरी एवढ्या जुन्या काळात माझी दुपार लिहून ठेवली होती, आणि सरांनी ती गाळली होती. माझ्यासाठी गाळली, आणि स्वतःसाठी पण.

सुमनला वाचून दाखवलं. ती डबा तसाच धरून बसली.

"ताई, हाई खरंच लिखेल शे का?"

"लिखेल शे."

"मंग सर काब्र सांगतस नही?"

का सांगत नाहीत. मी ते सरांनाच विचारायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर बाहेर, सगळे चहा घेत होते तेव्हा विचारलं. "सर, याकोबाचा दुसरा अध्याय वाचनात का नाही?"

त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. मग हसले. "लहान बाळाला आधी दूध देतात. तुम्ही अजून दुधावर आहात."

"मग सिटी ग्रुपच्या कागदावर पण का नाही? ते पण दुधावर आहेत?"

हसू गेलं. "तुला कोण शिकवतं हे?"

कोण शिकवतं! मला कोणीतरी शिकवलं असणार. माझं मला कळलं असेल, हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. सात वर्षं रोज वाच, वाच म्हणून सांगितलं. मी वाचलं, तर विचारतात कोण शिकवतं.

पण लगेच त्यांनी आवाज मऊ केला. माझ्या मुलीचा विषय काढला. मुलगी सहावीत, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत. हुशार आहे. चर्चच्या ओळखीतल्या इंग्रजी शाळेत तिला प्रवेश मिळावा म्हणून सर पत्र देणार होते. दोन वर्षं मी त्या पत्राची वाट बघत होते. ते म्हणाले, "पत्राचं माझ्या लक्षात आहे. बाहेरून पाहुणे यायचेत पुढच्या महिन्यात. तू साक्ष दे, देवानं तुझं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांग. आंटी लिहून देतील. आणि हो, कामावरची साडी नेसून ये. त्यांना बरं वाटेल."

आंटींनी लिहून दिलं. मी अंधारात होते. अडाणी होते. या कुटुंबानं मला उजेडात आणलं. आता माझ्या मनाला शांती आहे, कशाची तक्रार नाही. शेवटी आभार, सरांचे आणि आंटींचे, नावं घेऊन. देवाचं नाव त्यांच्या नावांनंतर होतं.

मी ते पाठ केलं. हे पण सांगते. मी ते पाठ केलं होतं. मुलीसाठी. तीन आठवडे मी सुमनला म्हणत होते, काय बिघडतं, चार ओळी बोलायच्या. तिच्या पोरीचं पण पत्र अडलेलं.

पाहुणे आले. दोन पुरुष, एक बाई, गळ्यात हार. पुढं खुर्च्या मांडलेल्या. आम्ही नेहमीसारख्या मागच्या बाकांवर. मी कामावरची साडी नेसले नव्हते. माझ्याकडं एक चांगली साडी आहे, मोरपंखी, ती नेसले. आंटींनी लांबूनच बघितलं आणि तोंड वळवलं.

माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. माइक हातात घेतला. लिहून दिलेला कागद उघडला. "मी अंधारात होते" एवढं म्हणलं आणि आईची आठवण झाली. आईला कुणी कधी असं उभं करून विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? मी अंधारात होते की मला ठेवलं होतं?

मी कागद मिटला. पिशवीतून बायबल काढलं. म्हणलं, "मला साक्ष द्यायची नाही. मी वाचणार आहे. याकोबाचं पत्र, अध्याय दुसरा."

सर बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, वेळ कमी आहे."

मी वाचायला लागले. घडघड येत नव्हतं. जोडाक्षराला अडले, माझे उच्चार आमच्याकडचे. ण चा न होतो, ळ चा य होतो. कुणीतरी खुदकन हसलं. मी ती ओळ परत पहिल्यापासून वाचली. अंगठीवाला आला. गरीब आला. 'पायाशी बस' आलं. सर उठून जवळ आले, हळू म्हणाले, "बस कर. बस खाली." मी म्हणलं, "अजून सात ओळी आहेत." माइकमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सातही वाचल्या. कुणी आमेन म्हणलं नाही. मी माइक ठेवला आणि मागे न जाता समोरच्या बाकावर, रिकाम्या जागेत बसले. शेजारची बाई पदर सावरून सरकली.

त्यानंतर काही बदललं नाही. हे लिहिलंच पाहिजे. कुणाचं मन पालटलं नाही, कुणी येऊन हात धरला नाही. पुढच्या रविवारी सरांनी अहंकारावर उपदेश केला, माझ्याकडं न बघता. मला वाचनाचा कागद मिळणं बंद झालं. ज्या बाईनं पहिल्या दिवशी "या बहीण" म्हणलं होतं, ती आता दुसऱ्या दारानं बाहेर पडते. सुमन माझ्याशी कारखान्यात बोलते, चर्चमध्ये बोलत नाही. तिच्या पोरीचं पत्र झालं. मी तिला दोष देत नाही. पण मला ते लागलं, आंटींच्या बोलण्याहून जास्त लागलं.

सरांनी एका माणसाबरोबर निरोप पाठवला. मंडळीसमोर माफी मागितली तर मुलीचं पत्र मिळेल, अजून मुदत आहे.

मी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. शाळेचं, पत्राचं, माफीचं. तिला त्या शाळेत जायचं होतं. तिथलं मोठं मैदान, निळा गणवेश, ती लांबून बघून आली होती. मग म्हणाली, "तू काय चुकीचं वाचलंस का?"

"नाही."

"मग माफी कशाची?"

आणि रडली. मी तिला गप्प केलं नाही. तिचं नुकसान झालं होतं, ते मी केलं होतं, आणि ते मला पुन्हा करावं लागलं तरी मी करीन.

निरोप्याला मी उलट निरोप दिला. पत्र नको. माफी नाही. आणि मी चर्च पण सोडणार नाही. सोडलं की त्यांना सोपं जाईल. दर रविवारी मी येणार, पुढच्याच बाकावर बसणार, कुणी सरकलं तर सरकू दे.

आता रविवारी दुपारी तीन वाजता माझ्या खोलीत वाचन असतं. पहिल्यांदा पाच बाया आल्या, मग तीन, आता दोन. एक तर ख्रिस्ती पण नाही, शेजारची आहे, ऐकायला येते. आम्ही पहिल्या पानापासून चाललोय. यादी नाही. एकही अध्याय गाळत नाही. गुलामांनी आज्ञा पाळावी असं लिहिलंय ते पण वाचतो, आणि वाचून झाल्यावर त्याच्यावर भांडतो. सगळं वाचायला कित्येक वर्षं लागतील. लागू दे.

मी काय वाचायचं आणि कुठं थांबायचं, हे यापुढे दुसरं कुणी ठरवणार नाही. ना सर, ना मंडळी. माझं आणि देवाचं काय ते मी स्वतः वाचून बघेन. जिथं पटणार नाही, तिथं त्यालाही विचारीन.