चित्रपटाआधीचे सात सेकंद

माझे बाबा बडोद्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की स्टेशनजवळच्या एका चित्रपट वितरकाच्या कचेरीत जायचे. मुंबईचे सिनेमे गुजरातभरच्या थिएटरांना पुरवायचे, हा तिथल्या शेठचा धंदा. जाहिराती, मध्यंतरातल्या स्लाइडी असं सगळं बाबा करत. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर कंपनीचं चिन्ह दिसायचं, तेही त्यांनीच काढलेलं. लाल पतंग, मागे सूर्य, खाली गुजरातीत नाव. एकच चित्र, जागच्या जागी. तेवढ्या वेळात लोक अंधारात आपली खुर्ची शोधत.

घरोघरी केबल यायला लागली तसं शेठना ते चित्र जुनाट वाटू लागलं. एके दिवशी ते आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आले आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, आपणो पतंग ऊभो केम छे? उडाडो ने!"

पतंग उडवायचा तर उडवणारं कुणी हवं. शेठना नटी नको होती, घरातली वाटेल अशी बाई हवी होती. बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमच्या गल्लीत आईसारखा पतंग कुणी चढवत नसे.

"अहो, मी नाही हं," आई आतूनच म्हणाली. "तुमच्या शाळेतली मुलं काय म्हणतील?"

आठवडाभर नाही-नाही करून ती तयार झाली, पण चेहरा दिसता कामा नये या अटीवर.

एका रविवारी सकाळी आमच्या अगाशीवर कॅमेरा आला. आम्ही गच्चीला अगाशीच म्हणायचो. मी सहावीत होते, पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. बाबा फिरकी धरून कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उकिडवे बसलेले. वारा धड नव्हता. पतंग पाच वेळा शेजारच्या पत्र्यावर पडला. कॅमेरामन वैतागला. आई त्याला म्हणाली, "दमानं घ्या. वाऱ्याला काय घड्याळ असतं?" सहाव्या वेळी पतंग वर गेला.

पडद्यावर ते सात सेकंद झाले. पाठमोरी बाई, लांब वेणी, मांज्याला ढील देणारे तिचे हात, मग पतंगामागे वर वर जाणारा कॅमेरा, आणि शेवटी नुसतं आभाळ आणि कंपनीचं नाव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. आईनं मला चिमटा काढला आणि पदर तोंडावर ओढून हसत बसली.

पुढे शेठनी अक्षरं सोनेरी करून घेतली, मागे ढोल घातला. बाबांनी तेही केलं. आई होती तशीच राहिली.

मी दहावीत असताना आई आजारी पडली. पोटाचं दुखणं म्हणून दवाखान्यात नेलं, आणि दीड महिन्यात ती गेली. घरात तिचे फोटो होते, लग्नातले, सहलीतले. पण चालती-फिरती आई कुठेच नव्हती. आमच्याकडे व्हिडिओ कॅमेरा कुठला असायला!

त्यानंतर शेठचा नवा सिनेमा लागला की बाबा रविवारी मला म्हणायचे, "बाराच्या शोला जाऊ या?" कुठला सिनेमा हे मी विचारत नसे. आम्ही वेळेआधी जाऊन बसायचो. सात सेकंद व्हायचे. कधी पुढचा सिनेमा बघायचो, कधी गाण्याआधीच उठायचो. प्रिंट बरेच दिवस चाललेली असली तर आईच्या पाठीवर उभ्या रेघा पडलेल्या असत.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी कचेरी शेठच्या मुलानं हाती घेतली आणि चित्रांची कामं मुंबईला द्यायला लागला. एका रविवारी आम्ही बसलो, दिवे गेले, आणि पडद्यावर पृथ्वीचा गोळा आला. त्याच्याभोवती चांदीसारखा चकचकीत पतंग गरगर फिरला, इंग्रजीत नाव उमटलं, स्फोटासारखा आवाज झाला. मुंबईत कॉम्प्युटरवर केलेलं चिन्ह होतं ते. मी बाबांचा हात धरला.

"बाबा, जाऊ या ने घरी."

"थांब," ते म्हणाले. "कदाचित मध्यंतरानंतर दाखवतील."

असं कधी होत नसतं, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी आम्ही शेवटपर्यंत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. बाबांनी फक्त जुन्या चिन्हाच्या फिल्मचा एक तुकडा मागितला. मुलगा म्हणाला, जुन्या प्रिंटा गोदामासकट भंगारात गेल्या, आणि मूळ निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये होती ती लॅबच बंद झाली. कोपऱ्यात बसलेले म्हातारे शेठ उठून उभे राहिले. "भाभी छे एमां, ए मने याद ज न रह्युं," ते म्हणाले आणि बाबांचा हात धरून तसेच उभे राहिले. त्यात वहिनी आहेत, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी शेठ स्वतः रिक्षानं घरी आले. सावली गावातल्या एका बंद पडलेल्या थिएटरात त्यांना फिल्मचा तुकडा सापडला होता, वीतभर. बाबांनी तो खिडकीशी उजेडात धरला. मीही वाकून पाहिलं. चौकटीमागून चौकट, सगळ्यांत निळं आभाळ, लाल पतंग, सोनेरी अक्षरं. कॅमेरा वर गेल्यानंतरचा भाग होता तो. आई त्याच्या आधीच्या तुकड्यात होती.

शेठ आशेनं आमच्याकडे बघत होते. बाबा म्हणाले, "मिळालं, शेठ. फार उपकार झाले." मग त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले.

बाबांच्या निवृत्तीनंतर आम्ही शहराच्या कडेला, हरणीला राहायला गेलो. तिथे बाबांनी अगाशीवरचं ते दृश्य कागदावर काढायला घेतलं. वेणी जमली, खांदे जमले, हातांपाशी अडायचे. ढील देताना तिचा उजवा हात वर असायचा की डावा, असं मला विचारायचे. मी म्हणायचे उजवा. ते डावा म्हणायचे. दोघांनाही खात्री होती. त्यांनी दोन्ही काढून पाहिले, आणि दोन्ही कागदांवरची बाई आम्हाला अनोळखी वाटली.

बाबा गेले तेव्हा असे चाळीसेक कागद निघाले. अजून माझ्या कपाटात आहेत. कधी काढून टेबलावर पसरते, आणि जेवायची वेळ झाली की पुन्हा गोळा करून ठेवते.