साय काढली का?

माझ्या वहिनीचा जन्म वितळलेल्या धातूकडे बघण्यात गेला. पूर्वी मी हे चेष्टेने म्हणायचो, आता म्हणवत नाही. तिची प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. तिथे एका पोलादी भांड्यातली हवा काढून घ्यायची, आत दोन धातूंचं मिश्रण वितळवायचं आणि त्याच्या पृष्ठभागावर क्ष-किरण सोडायचे. द्रवात अणूंचा नुसता सावळा गोंधळ. पण अगदी वरचे अणू मात्र शिस्तीत, थरावर थर लावून उभे असतात, असं तिचं म्हणणं. "शाळा सुटली तरी पहिली रांग जागेवरच," असं ती मला समजावायची. पुरावे मात्र अंधुक होते.

विरोधकांचं एकच पालुपद: बाई, तुम्हाला दिसतेय ती शिस्त धातूची नाही, त्याच्यावरच्या सायीची आहे. भांड्यातल्या उरल्यासुरल्या हवेमुळे धातूवर एक पापुद्रा धरतो, डोळ्यांना न दिसणारा. प्रयोगशाळेत सगळे त्याला साय म्हणत. मोजण्याआधी ती खरवडून काढावी लागे. ते काम दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तो, म्हणजे वहिनीचा नवरा, तिथेच मेकॅनिक होता.

एक दिवस आईला ताप चढला म्हणून दादा सकाळीच काम टाकून घरी आला. वहिनी प्रयोगशाळेत पोचली तेव्हा भांडं तापलेलं, सगळं तयार. तिने घरी फोन लावला. "साय काढलीस ना?"

दादाच्या हातात आईचा दुधाचा पेला होता. आईला दुधात सायीचा कणही चालत नाही. "काढली," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवशी आलेखात रांगेची खूण सांगणारा असा ठसठशीत उंचवटा आला की वहिनी संध्याकाळी चक्क हसत घरी आली. डोळ्यांखाली काळं, पाय सुजलेले, पण हसत. क्ष-किरणांचं ते यंत्र आता मोडीत निघणार होतं. त्याआधी हे पदरात पडलं, आता सुटले, असं ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

रविवारी सगळे चहाला बसलो होतो. आई सहसा कुणाचं कौतुक करत नाही, त्या दिवशी केलं. "मी तापाने पडले होते, तर हिने कामावरून फोन करून याला विचारलं, माझ्या दुधावरची साय काढली का म्हणून. पोटच्या पोरीला तरी सुचलं असतं का?"

वहिनीने दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला: धातूवरची साय त्या दिवशी निघालीच नव्हती. नंतर स्वयंपाकघरात मी वहिनीला म्हणालो की हे आपल्या तिघांतच राहू दे, बाहेर कुणाला कळणार आहे? मी मनापासून म्हणालो. तिचे हाल बघवत नव्हते. ती कप विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं सांगितलं आणि यंत्र उचलण्याआधी एकदा मोजू द्या म्हणून विनवलं. त्यांनी नाक मुरडत परवानगी दिली. पुढचं दादाने मला सांगितलं. त्याने साय खरवडली, वहिनी शेजारी उभी राहून बघत होती. उंचवटा गेला. पुन्हा खरवडली, आलेख पुन्हा सपाट. म्हणजे त्या दिवशी ज्याला रांग समजलो ती सायच होती.

"माझ्यामुळे गेलं सगळं," दादा म्हणाला.

"नाही रे," ती म्हणाली. "हवं ते उत्तर मिळालं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

तिने स्वतःच्याच हाताने जे दिसलं ते लिहून छापायला पाठवलं. यंत्र गेलं. वहिनी आता दुपारी घरीच असते, खूप झोपते.

आई अजूनही आल्यागेल्याला सांगते की माझी सून कामाच्या गडबडीतही माझ्या दुधाची चौकशी करायची. वहिनी तिथेच बसलेली असते. तिने आईला खरं कधीच सांगितलं नाही.